रामटेकचे सात दिवस : एका सर्व्हे कॅम्पची दैनंदिनी

स्थापत्य अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षाच्या ४२ विद्यार्थ्यांना घेऊन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रामटेकला सर्वेक्षणाच्या शिबिरासाठी गेलो. हा विषय मी गेली १४ वर्षे शिकवते आहे. महाविद्यालयाच्या मैदानावर दोन तासांच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी उपकरण लावायला शिकतो. पण आपण लिहिलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे तिथे शिकवता येत नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे, आणि त्यासाठीच दरवर्षी मी या सात दिवसांचा आग्रह धरते.

पहिला दिवस

चंद्रपूरहून पहाटे साडेपाचला बस निघाली. नागपूरचा सरळ रस्ता सोडून वाट थोडी वाकडी करून आम्ही हिंगणघाटला थांबलो, कारण तिथे विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्यांनी सुरू केले, ते लॅम्बटन हैदराबादहून आपला मुक्काम नागपूरला हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी हा माणूस कायमचा विसावला आहे, हे वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण पाठ्यपुस्तकात त्यांच्या कामाचा उल्लेख असतो पण या गावाचा नसतो.

कबरीपाशी उभे राहून मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट मद्रासच्या आधाररेषेची, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या पहिल्या लांबीची. १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंटजवळ सुरू झालेली ती साडेसात मैलांची रेषा १०० फुटांच्या साखळीने मोजायला ५७ दिवस लागले, आणि पुढे कोन मोजून काढलेली सगळी त्रिकोणांची मालिका या एका लांबीवर उभी राहिली. दुसरी गोष्ट तंजावरची. १८०८ मध्ये सुमारे अर्धा टन वजनाचा त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे उपकरण, मंदिराच्या गोपुरावर चढवत असताना दोर तुटला आणि उपकरण भिंतीवर आदळले. लॅम्बटन यांनी सहा आठवडे बसून ते स्वतः दुरुस्त केले आणि पुन्हा कामाला लागले. मुले गप्प झाली होती. त्यांतल्या एकीने विचारले, "मॅडम, दुरुस्त केलेल्या उपकरणावर त्यांनी भरवसा कसा ठेवला?" या प्रश्नाचे उत्तर मी तिथे दिले नाही, पण पुढच्या सहा दिवसांत ते आपोआप पुढे येणार होते.

दुपारी नागपूरला झिरो माईलच्या स्तंभापाशी थोडा वेळ थांबलो. चार घोड्यांचे पुतळे आणि वालुकाश्माचा स्तंभ यांचे फोटो सगळेच काढतात. मी त्यांना तिथला १९०७ सालचा जी.टी.एस. (लॅम्बटन यांच्याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा) बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, दाखवला, ज्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळजवळ ३१०.९५ मीटर आहे. हे ठिकाण देशाचा मध्यबिंदू आहे की नाही, यावर लोक हौसेने वाद घालतात. सर्वेक्षकाच्या दृष्टीने त्या उंचीतला दशांशानंतरचा तिसरा अंक अधिक महत्त्वाचा, कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, टप्प्याटप्प्याने स्टाफ (आकडे आखलेली उभी पट्टी) वाचत कोणीतरी फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब आणून पोचवला. स्तंभावर कोरलेल्या गावांच्या नावांत 'चांदा', म्हणजे चंद्रपूरचे जुने नाव, दिसल्यावर मुलांना आनंद झाला.

मनसरला जबलपूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळलो, तेव्हा टेकडीवरची रामटेकची देवळे उन्हात उजळलेली दिसत होती. मुक्काम एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात होता. रात्री वरण-भात आणि भरताचे जेवण झाल्यावर सात-सात जणांचे सहा गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक फील्ड बुक दिले. नियम एकच सांगितला : चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा, आणि जुना आकडा वाचता आला पाहिजे.

दुसरा दिवस

सकाळी सात वाजता खिंडसी तलावाच्या बाजूची पडीक जमीन आणि तिला लागून असलेली काही वावरे पायी फिरून पाहिली. सोयाबीन निघून गेले होते, तूर उभी होती आणि हरभरा नुकता घाट्यावर येत होता. ज्यांच्या वावरातून रेषा जाणार होती, त्यांची परवानगी आम्ही आधीच घेतली होती, तरी तिपाईवर उपकरण दिसताच एक वयस्कर शेतकरी धुऱ्यावरून घाईघाईने आले आणि म्हणाले, "काय मोजून रायले जी? माह्या वावरातून रोड काढता का?"

त्यांच्या आवाजातली धास्ती मुलांनी ओळखली. तिपाई आणि दुर्बीण दिसली की मागोमाग भूसंपादन येते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याने अनेकदा पाहिलेले आहे. गटप्रमुखाने पुढे होऊन सांगितले, "नाही बाबाजी, आम्ही शिकणारी पोरं आहोत, कागद काढतो आणि जातो." तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी सगळे कागद पाहिले, महाविद्यालयाचे नाव वाचले आणि मगच बिडी पेटवली. मग शेजाऱ्याशी असलेला धुऱ्याचा वाद सांगून त्यांनी आपला धुरा मोजून मागितला. आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज करूनच होते आणि आमच्या आकड्याला तिथे काही किंमत नाही. पण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे गणित त्यांनी मुलांपेक्षा लवकर तोंडी करून दाखवले.

त्यानंतर लेव्हलची, म्हणजे आडवी दृष्टिरेषा देणाऱ्या दुर्बिणीची, दोन खुंट्यांची चाचणी घेतली. ६० मीटर अंतरावर अ आणि ब अशा दोन खुंट्या ठोकून लेव्हल बरोबर मध्ये लावली, तेव्हा स्टाफचे वाचन १.४२० आणि १.६५५ आले, म्हणजे खरा फरक ०.२३५ मीटर. मग लेव्हल अ खुंटीजवळ नेली, तेव्हा वाचन १.५१० आणि १.७५७ आले, म्हणजे फरक ०.२४७. साठ मीटरमध्ये १२ मिलिमीटरची चूक उपकरणाच्या दृष्टिरेषेत होती. ते उपकरण मी मुद्दाम तसेच ठेवले. बॅक साइट (मागच्या बिंदूवरचे वाचन) आणि फोर साइट (पुढच्या बिंदूवरचे वाचन) यांची अंतरे सारखी ठेवली, तर ही चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. हिंगणघाटच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे होते. काल प्रश्न विचारणाऱ्या मुलीने ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेले मी पाहिले.

पुलियाच्या कठड्यावर लाल रंगाने खूण करून तिची उंची १००.००० मीटर गृहीत धरली. सगळ्या शिबिराचा हाच बेंचमार्क.

तिसरा दिवस

या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. प्रत्येक गटाने पुलियापासून निघून तलावाच्या कडेने फिरून पुन्हा पुलियावर यायचे होते. परत आल्यावर उंची पुन्हा १००.००० यायला हवी; त्यात जो फरक पडेल, तेवढ्या चुकीने फेरी बंद झाली म्हणायची. फेरी १.४४ किलोमीटरची. चांगल्या कामासाठी मिलिमीटरमधली मुभा १२ गुणिले किलोमीटरमधील अंतराचे वर्गमूळ अशी मी धरते. १.४४ चे वर्गमूळ १.२, म्हणून मर्यादा साधारण १४ मिलिमीटर.

सकाळी धुके होते, त्यामुळे नऊपर्यंत स्टाफ दिसेना. अकरानंतर नांगरलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली आणि स्टाफचे खालचे आकडे पाण्यात हलल्यासारखे दिसू लागले. जमिनीलगतच्या गरम थरातून जाणारी दृष्टिरेषा वाकते, म्हणून स्टाफचा तळचा अर्धा मीटर वाचायचा नाही, हे मी सांगितले होते. तरीही ज्यांना चढावर आणखी एक चेंज पॉइंट (उपकरण पुढे हलवताना धरायचा मधला बिंदू) घ्यायचा कंटाळा आला, त्यांनी ०.२१० सारखी वाचने घेतलीच.

संध्याकाळी सहा वह्या माझ्यासमोर आल्या. चार गटांची फेरी ६ ते १३ मिलिमीटरमध्ये बंद झाली होती. पाचव्या गटाची फेरी १.००७ मीटरने चुकली होती आणि ती मुले अगदी खचली होती. पण इतकी गोल चूक ही खरे तर सोपी चूक असते. स्टाफवर मीटरचा आकडा लाल आणि डेसिमीटरचा काळा असतो. घाईत लाल आकड्याकडे दुर्लक्ष झाले की १.३८५ चे २.३८५ होते. त्यांचा युक्तिवाद असा होता की, "मॅडम, बेरजेचा ताळा तर बरोबर येतो आहे." बॅक साइटची बेरीज वजा फोर साइटची बेरीज, चढांची बेरीज वजा उतारांची बेरीज, आणि शेवटची उंची वजा पहिली उंची, हे तीनही फरक खरोखरच जुळत होते. हा ताळा फक्त आपली बेरीज-वजाबाकी तपासतो. स्टाफवर काय वाचले, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो, आणि हे वर्गात दहा वेळा सांगूनही त्या संध्याकाळपर्यंत कोणाला पटलेले नव्हते.

सहाव्या गटाची फेरी ०.००० ने बंद झाली होती. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वही उघडून पाहिली. १९ ठिकाणी उपकरण मांडलेले, ३८ वाचने, आणि दिवसभराच्या वहीत एकही खाडाखोड नाही, धुळीचा डाग नाही, अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बैठकीतले. मी त्या गटाला बाजूला बोलावले आणि एवढेच विचारले की मूळ कागद कुठे आहे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गटप्रमुखाने खिशातून घडी केलेला कागद काढला. फेरी मुळात ३१ मिलिमीटरने चुकली होती. त्यांनी ती चूक तीन फोर साइटमध्ये वाटून टाकली आणि वही नव्याने लिहिली.

मी त्यांच्यावर रागावले नाही, पण गोष्ट हलकीही केली नाही. कालव्याच्या कामात उतार अनेकदा किलोमीटरला २० ते ३० सेंटिमीटर इतकाच असतो. तिथे एखाद्याने तीन सेंटिमीटर असे वाटून टाकले, तर पाणी कुठेतरी थांबेल, आणि ते कोणाच्या वावराच्या अलीकडे थांबेल हे सांगता येणार नाही. ३१ मिलिमीटरची खरी चूक असलेली वही मी स्वीकारली असती आणि फेरी पुन्हा करायला सांगितली असती. शून्याची वही मला स्वीकारता येत नव्हती. त्या मुलांनी पहाटे पुन्हा जाण्याची परवानगी स्वतःहून मागितली.

चौथा दिवस

दोन्ही गट साडेसहाला बाहेर पडले. पाचव्या गटाला आठव्या चेंज पॉइंटवर हरवलेला मीटर सापडला, आणि तो वगळल्यावर त्यांची फेरी ७ मिलिमीटरने बंद झाली. सहाव्या गटाने पूर्ण फेरी नव्याने केली. धुके विरळ होते, हवा स्थिर होती, आणि या वेळी त्यांनी दोन्ही बाजूंची अंतरे टेपने मोजून सारखी ठेवली. चूक आली ११ मिलिमीटर. त्यांच्या वहीत चार ठिकाणी आडव्या रेघा होत्या, आणि ती वही पाहून मला झालेला आनंद मी त्यांच्यापासून लपवला नाही.

उरलेला दिवस रस्त्याच्या आखणीत गेला. दर २० मीटरवर उभा छेद आणि आडवे छेद, म्हणजे रस्त्याच्या लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने जमिनीच्या उंच्या, घेतल्या. हे काम नेमाचे आणि कंटाळवाणे असते, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. दुपारी १०० मीटर त्रिज्येचे वळण जमिनीवर उतरवले. दोन सरळ रेषांमधला विक्षेपकोन (रस्ता जितका वळतो तो कोन) ४० अंश असल्याने स्पर्शिकेची लांबी ३६.४० मीटर आणि वळणाची लांबी ६९.८१ मीटर येते. दर १० मीटरच्या जीवेसाठी कोन २ अंश ५१ मिनिटे ५३ सेकंद. शेवटच्या बिंदूवर एकूण कोन बरोबर २० अंश यायला हवा, आणि तिथली खुंटी आधीच ठोकलेल्या स्पर्शबिंदूवर पडायला हवी. एका गटाची खुंटी ४ सेंटिमीटर बाजूला पडली. सातही जण तिच्याभोवती गुडघ्यावर बसून टेप ढिला कुठे पडला असेल, याचा विचार करत होते.

पाचवा दिवस

आठ बाजूंचा बंदिस्त ट्रॅव्हर्स, म्हणजे बाजू आणि कोन मोजत पहिल्या बिंदूवर परत येणारी आकृती. आधी कोन २० सेकंदांपर्यंत वाचणारा जुना व्हर्निअर थिओडोलाइट आणि पोलादी टेप, मग तेच बिंदू टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने). जुने उपकरण कशाला, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. माझे मत असे आहे की ज्याने कोन स्वतः डोळ्याने जुळवून वाचला नाही, त्याला पडद्यावर दिसणाऱ्या कोनात चूक असू शकते हेच सुचत नाही.

आठ बाजूंच्या आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज १०८० अंश व्हायला हवी. जुन्या उपकरणाने ४० सेकंदांचा फरक आला, जो मुभेच्या आत होता. ९२० मीटरच्या परिघावर शेवटचा बिंदू पहिल्यापासून २३ सेंटिमीटर दूर पडला, म्हणजे ४००० मीटरला एक मीटर. बोडिच यांच्या नियमाने ही चूक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटली. तिसऱ्या दिवशी वही नव्याने लिहिलेल्या गटातल्या एका मुलाने लगेच विचारले की, मग आम्ही वाटली ती चूक आणि ही वाटणी यांत फरक काय. प्रश्न प्रामाणिक होता. इथे मूळ चूक आधी उघड लिहिली जाते, ती मुभेत आहे का ते पाहिले जाते, आणि मोजलेले आकडे वहीत तसेच राहतात. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात जाते. त्याला ते पटले.

टोटल स्टेशनने शेवटची चूक अवघी २१ मिलिमीटर आली आणि सगळे खूश झाले. तेव्हा मी त्यांना एका बाजूची लांबी टेपने मोजून पाहायला सांगितली. टेप ३० मिलिमीटर वेगळे सांगत होता. दुसऱ्या बाजूलाही ३०. उपकरणात प्रिझमचा (समोरच्या बिंदूवर धरलेल्या परावर्तकाचा) स्थिरांक चुकीचा भरलेला होता, त्यामुळे प्रत्येक लांबीत तीच चूक शिरली होती. पण आकृती सगळीकडून सारख्याच प्रमाणात फुगली, तर ती बऱ्यापैकी बंद होतेच. फेरी बंद होणे ही खात्रीची एक बाजू झाली. वेगळ्या साधनाने, वेगळ्या वाटेने तोच आकडा पुन्हा यावा लागतो. लॅम्बटन यांच्या आधाररेषांमागेही हाच विचार होता : त्रिकोणांची मालिका दूरवर गेली की तिथे पुन्हा नवी आधाररेषा जमिनीवर मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहायची.

संध्याकाळी दोन ठिकाणांहून टेकडीवरच्या राममंदिराच्या कळसाचा उन्नतकोन घेतला. एक ठिकाण सुमारे ८०० मीटरवर, दुसरे १६०० मीटरवर. दोन्हींवरून आलेल्या उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक पडला. पृथ्वीची वक्रता आणि प्रकाशाचे वक्रीभवन यांची एकत्रित दुरुस्ती, ०.०६७३ गुणिले किलोमीटरमधील अंतराचा वर्ग, लावल्यावर एकीकडे ४ आणि दुसरीकडे १७ सेंटिमीटर वाढवावे लागले, आणि फरक २ सेंटिमीटरवर आला. पृथ्वी गोल आहे हे त्या मुलांना लहानपणापासून माहीत होते, पण त्या संध्याकाळी ते त्यांच्या वहीत १३ सेंटिमीटर होऊन उतरले. काळोख पडल्यावर सगळे पायऱ्या चढून दर्शनाला गेले.

सहावा दिवस

तलावाच्या उतारावर १०० बाय ६० मीटरच्या तुकड्यात दर १० मीटरवर चौकटी पाडून ७७ बिंदूंच्या उंच्या घेतल्या. अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढायच्या होत्या. दुपारी मी प्रत्येक गटाला तलावाच्या पाण्याच्या कडेवर पाच ठिकाणी स्टाफ धरायला सांगितला. वारा पडला होता. साचलेल्या पाण्याची कड हीच जमिनीवर उघडी दिसणारी समोच्च रेषा असते, आणि तिला उपकरणाची गरज नसते. पाच गटांच्या उंच्या १५ मिलिमीटरच्या आत आल्या. सहाव्या गटाने, म्हणजे त्याच गटाने, एक वाचन २२ मिलिमीटर वेगळे आल्याचे स्वतः येऊन सांगितले. जाऊन पाहिले तर स्टाफ मऊ चिखलात खचत होता. त्यांनी खाली चपटा दगड ठेवून ते वाचन पुन्हा घेतले, आणि पहिले वाचन रेघ मारून तसेच ठेवले.

सातवा दिवस

सकाळभर सभागृहात सतरंज्यांवर कागद पसरून आलेखन चालले. दुपारी जेवणानंतर जमिनीवर उरलेल्या खुंट्या काढायला सगळे परत गेले, कारण दुसऱ्याच्या वावरात लोखंडी खुंटी विसरणे म्हणजे त्याच्या नांगराचा फाळ मोडणे. नेल्या होत्या ६४, पोत्यात भरल्या ६३. अर्धा तास तुरीच्या ओळींतून शोध चालला. धुऱ्याचे ते बाबाजी लांबून पाहत होते. शेवटी ट्रॅव्हर्सची वही काढून सहाव्या बिंदूपासूनचा कोन आणि अंतर पुन्हा टाकले, तेव्हा खुंटी वखरलेल्या मातीखाली बोटभर आत सापडली. बाबाजींनी ती उपटून मुलांच्या हातात दिली आणि अर्ज भूमी अभिलेखच्या कोणत्या कचेरीत करायचा, ते त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेतले. साडेतीनला बस निघाली.